आधी निदान, मग पाना : प्रस्तावना

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून पेट्रोलवरची जी जी पद्मिनी बाहेर पडली, तिच्या बॉनेटखाली 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75 मिलिमीटर. हे माप 1937 सालचं आहे. इटलीत ट्युरिनला फियाट कंपनीत दान्ते जाकोसा नावाच्या अभियंत्याने 508 सी ही गाडी आखली, तिच्या इंजिनाचं हे माप. पुढे 1953 मध्ये फियाटने 1100-103 आणली, तीही याच मापावर. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या कंपनीने ती इथे आणली. मिलेसेंटो, सिलेक्ट, डिलाइट अशी नावं बदलत, सत्तरच्या दशकात थोडा काळ ‘प्रेसिडेंट’ होऊन 1974 मध्ये ती ‘पद्मिनी’ झाली. म्हणजे आज तुमच्या दारात पद्मिनी उभी असेल, तर तिच्या इंजिनाची कुंडली दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आहे.

हे सगळं सांगण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. त्या काळातलं यंत्र माणसाच्या डोळ्यांना दिसावं, हाताला लागावं आणि साध्या पान्याने उघडावं अशा बेताने घडवलेलं असे. स्पार्क कुठे तयार होतो, पेट्रोल कुठून येतं, पाणी कुठे फिरतं हे बॉनेट उघडून बोटाने दाखवता येतं. म्हणूनच घरच्या अंगणात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावाकडच्या पडवीत या गाडीवर काम करणं आजही शक्य आहे. हे पुस्तक त्या कामासाठी लिहिलं आहे. उदाहरणं पद्मिनी-फियाटची आहेत, कारण माझे हात तिच्यावर बसलेले आहेत. अँबॅसेडर, हेरल्ड किंवा जुनी जीप बाळगणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. बिघाड शोधायची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

ही रीत मला ज्यांनी शिकवली ते परळ भागातले एक मिस्त्री होते. आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो. टॅक्सीवाले पहाटे पाच वाजता त्यांच्या दारात गाडी लावून झोपायचे आणि सातला उठून धंद्याला निघायचे. मी कॉलेजात असताना वडिलांची डिलाइट घेऊन त्यांच्याकडे जायचो. पहिल्याच दिवशी मी हातात पाना घेतला, तो त्यांनी काढून घेतला. म्हणाले, “आधी बघ. मग ऐक. मग वास घे. खोलायचं शेवटी.” त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून टॅपेटचा आवाज कुठल्या सिलिंडरचा आहे ते मला ऐकवलं. चाळीस वर्षं झाली, पण काम सुरू करण्यापूर्वी आजही मी तेच चार शब्द मनात म्हणतो.

जुन्या गाडीचं सर्वांत मोठं नुकसान गंजाने होत असेल, तर दुसऱ्या क्रमांकाचं नुकसान अंदाजाने केलेल्या दुरुस्तीने होतं, असं माझं ठाम मत आहे. गाडी मिसिंग करते म्हणून प्लग बदलले, फरक पडला नाही म्हणून कॉइल बदलली, मग कार्ब्युरेटर खोलला, मग टायमिंग हलवलं. चार गोष्टी एकदम बदलल्यावर मूळ दोष कुठला होता आणि आपण नवा कुठला घातला, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यात आज बाजारात मिळणारा नवा कंडेन्सर किंवा नवी पॉइंटची जोडी चांगलीच असेल याची खात्री नसते. बदललेला सुटा भाग निर्दोष धरून पुढे गेलं की माणूस दिवसचे दिवस भलतीकडेच शोधत राहतो.

माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट सांगतो. पद्मिनीचं डेंटिंग-पेंटिंग करून आणली. रंग सुरेख झाला होता. पंधरा दिवसांनी सेल्फ जड फिरायला लागला. सकाळी गाडी कशीबशी सुरू व्हायची, पण गरम झाल्यावर सेल मारला की नुसता ‘टक्’ आवाज. एका गॅरेजमध्ये नवी बॅटरी घालून दिली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसरीकडे सेल्फ उतरवून आर्मेचर, ब्रश, बुश सगळं नवं झालं. खर्च झाला, दोष तिथेच. एका संध्याकाळी मुलगा सेल मारत होता आणि मी बॉनेटमध्ये वाकून बघत होतो. सहज चोकच्या वायरीला हात लागला. ती चटका बसावा इतकी तापली होती.

चोकची वायर म्हणजे डॅशबोर्डपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी लोखंडी तार. तिच्यातून वीज जायचं काही कारण नाही. ती तापली याचा अर्थ इंजिनातून बॅटरीकडे परतणाऱ्या विजेला तिची नेहमीची वाट मिळत नव्हती आणि ती चोकच्या वायरीतून वाट काढत होती. मी मल्टिमीटर आणला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर, खरवडलेल्या जागी धरली. मुलाला सेल मारायला सांगितलं. तिथे पाव व्होल्टापेक्षा कमी दिसायला हवं होतं, आकडा दोनच्या पुढे गेला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी काढली, तर तिच्या बोल्टाखाली रंगाचा जाड थर. पेंटरने पट्टी सोडवून, तिच्या जागेवर कागद न लावताच फवारा मारला होता. पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, पट्टीची दोन्ही टोकं घासली, बोल्ट आवळून वर थोडं ग्रीस लावलं. वीस मिनिटांचं काम. सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

सेल्फ फिरताना शंभर अँपिअर किंवा त्याहूनही जास्त वीज ओढतो. एवढ्या प्रवाहाला एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. बारापैकी दोन-तीन व्होल्ट असे वाटेत गेले, की उरलेल्यात सेल्फ काय फिरणार! हा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. गाडी बंद असताना मल्टिमीटरलाही दिसत नाही, कारण प्रवाह वाहत असतानाच तो उघड होतो. म्हणून या पुस्तकात विजेच्या प्रकरणाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. माझ्या अनुभवात जुन्या गाडीचे निम्म्याहून जास्त बिघाड हे मैल्या जोडाचे, सैल टर्मिनलचे आणि खराब अर्थिंगचे असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं खापर कार्ब्युरेटरवर फुटतं.

दुसरा दोषही असाच फसवा. गाडी वीस-पंचवीस मिनिटं उत्तम चालते, ऊन असतं, घाट लागतो, आणि ती धडधडत बंद पडते. अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू. कसारा घाटात किंवा खंबाटकीला पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले फियाटवाले ज्यांनी पाहिलेत, ते लगेच म्हणतील, “एअर लॉक.” असूही शकतं. पेट्रोल तापून पाइपातच त्याची वाफ होते आणि पंप ती ढकलू शकत नाही. पण अगदी हीच लक्षणं तापल्यावर निकामी होणाऱ्या कंडेन्सरची किंवा कॉइलचीही असतात. ओलं फडकं टाकल्यावर गाडी सुरू झाली, तर ती फडक्यामुळे झाली की मधल्या अर्ध्या तासात कंडेन्सर गार झाल्यामुळे झाली, हे कसं कळणार?

ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं, नंतर नाही. गाडी बंद पडल्याबरोबर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्या. पेट्रोल गळत नाही, वास येत नाही याची खात्री करा. एक जादा प्लग जवळ असू द्या. तो हाय टेन्शन वायरीला लावून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा, पण कार्ब्युरेटरपासून लांब, आणि सोबत्याला सेल मारायला सांगा. ठिणगी निळसर, टपोरी आणि आवाज करणारी असेल तर वीज ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. ठिणगी पिवळी, बारीक असेल किंवा नसेलच, तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून सीबी पॉइंट उघडताना बघा. पॉइंटवरच मोठा जाळ उडताना दिसला की कंडेन्सर गेला समजा. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू न देणं आणि कॉइलचं चुंबकत्व झटक्यात कोसळू देणं हे त्याचं काम. ते झालं नाही की प्लगला जायची ताकद पॉइंट जाळण्यात जाते. गाडी गार झाल्यावर हीच तपासणी केली, तर सगळं उत्तम दिसेल आणि तुम्ही निर्धास्तपणे पुढच्या वळणावर पुन्हा अडकाल.

अशा तपासण्यांना लागणारी हत्यारं फार महाग नाहीत. एक मल्टिमीटर, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टांचा बल्ब. हा बल्ब फार गुणी आहे. पॉइंटला जोडून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं की पॉइंट उघडतात त्या नेमक्या क्षणी तो पेटतो, आणि बंद गाडीचं टायमिंग लागतं. पॉइंटची फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर, फायरिंगचा क्रम 1-3-4-2. हे दोन आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. बाकीचे आकडे मात्र तुमच्या मॉडेलच्या कंपनी मॅन्युअलमधूनच घ्या, शेजाऱ्याच्या आठवणीतून घेऊ नका.

आता सुधारणांबद्दल. जुन्या गाडीला नवं काही लावणं म्हणजे पाप, असं मानणारे जाणकार आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलची वाट एकच. एका व्हील सिलिंडरचा वायसर फाटला की पेडल थेट खाली आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. ज्या रस्त्यावर पुढची नवी गाडी एका क्षणात थांबते, तिथे ही व्यवस्था तशीच ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर, शक्य असेल तर पुढे डिस्क, चांगले रेडियल टायर, सीट बेल्ट. माझ्या यादीत हे सगळ्यात वर. आणि काही न बदलता करता येण्यासारखं म्हणजे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेले असतात, तेव्हा तापलेल्या ऑइलमधल्या त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. ब्रेकचं काम पहिल्यांदा करणाऱ्याने ते जाणत्या माणसाच्या हाताखाली करावं. जुन्या लायनरची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे.

हेडलाइटचं उदाहरण थोडं तपशिलात देतो, कारण सुधारणा म्हणजे काय हे त्यावरून कळतं. पद्मिनीचे दिवे मंद म्हणून लोक जास्त वॉटचे बल्ब घालतात. त्याने वायरी तापतात, स्विच वितळतो. बल्बच्या टोकाशी व्होल्टेज मोजून बघा. बॅटरीत साडेबारा असताना तिथे साडेदहाच पोचत असतील, कारण सगळी वीज जुन्या बारीक वायरीतून डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येते. व्होल्टेज सहाव्या भागाने कमी झालं तर उजेड तेवढाच कमी होत नाही, तो जवळजवळ निम्म्यावर येतो. उपाय म्हणजे दोन रिले, एक फ्यूज आणि बॅटरीपासून दिव्यांपर्यंत चांगल्या जाडीची नवी वायर. बल्ब जुनेच राहतात, काचा जुन्याच राहतात, आणि रस्ता दिसू लागतो. दोष कुठे आहे ते मोजूनच ही सुधारणा सुचली, हे लक्षात घ्या.

डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवणं हीसुद्धा समजूतदार सुधारणा आहे. पावसात रात्री ट्रॅफिकमध्ये वायपर, दिवे चालू असताना मंद फिरणाऱ्या इंजिनावर डायनामो पुरत नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला हरकत नाही, फक्त कॉइल त्याला जुळणारी हवी, आणि काढलेले पॉइंट-कंडेन्सर गाडीतच ठेवावेत. पॉइंट घाटात घासून चालवता येतात, जळलेलं मॉड्यूल घासता येत नाही. रुंद टायरांचा मोह टाळा. स्टिअरिंग जड होतं आणि त्याचा भार किंग पिनांवर पडतो.

ई-20 पेट्रोलचा प्रश्न आपल्या सगळ्यांपुढे आहे. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, पंपाचा पडदा लवकर जातो. ते ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. शिवाय त्यात मुळातच प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. इथेनॉल सोसणारा पाइप, पारदर्शक फिल्टर, नवा पडदा आणि गरजेप्रमाणे थोडा मोठा मेन जेट एवढ्यावर गाडी नीट चालते. पण पाइप फुटायची वाट पाहू नका. गरम इंजिनावर पेट्रोलची चिळकांडी उडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आणि इंजिन बदलणं? मी त्याच्या विरोधात आहे. नव्या गाडीचं इंजिन घालून पद्मिनी वेगात पळेल, पण ब्रेक, सस्पेंशन आणि बॉडी त्या वेगासाठी केलेली नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दारांखालचा पत्रा आणि जमीन गंजली असेल, आणि जुन्या गाड्यांत ती पुट्टीखाली लपवलेली असते, तर तिथे जादा ताकदीने बॉडी वाकते. लोहचुंबक फिरवून बघा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कायद्याची बाजूही आहे. गाडीत मूलभूत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. ती घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून ती प्रत्येकाला सोयीची नाही. पण ती हवी असेल तर चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी 2024 मध्ये पन्नाशी गाठली. ज्यांनी इंजिन बदललं, त्यांनी ती वाट स्वतःसाठी आणि पुढच्या मालकासाठीही बंद करून घेतली.

सुधारणा करताना मी एकच कसोटी लावतो. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल, तर ती पत्रा न कापता, भोक न बुजवता नेता आली पाहिजे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची जतनाची एक सनद आहे, तिचाही कल असाच आहे. त्या सनदेला ट्युरिन शहराचं नाव आहे, म्हणजे आपल्या गाडीच्या जन्मगावाचं. मला हा योग मनापासून आवडतो.

सुटे भाग मिळतात का, असं नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो. मिळतात, पण हिंडावं लागतं. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, आणि जे मिळत नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून लेथवर करून घेता येतं. खरी टंचाई जाणत्या हातांची आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर प्रत्येक नाक्यावर फियाटचा मिस्त्री होता. टॅक्सी गेल्या, त्यांची गॅरेजं मिटली, मुलं दुसऱ्या धंद्याला लागली. आमचे वस्तादही आता नाहीत. त्यांनी एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांना कोणी लिहायला सांगितलंही नाही. त्यांच्याकडून ऐकलेलं जेवढं माझ्या हातांत उरलं, तेवढं या पानांत उतरवायचा प्रयत्न केला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र माझ्यासाठी कराच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. विटा, दगड, लाकडाचे ठोकळे यांवरही विसंबू नका, लोखंडी स्टँड आणा. आणि पेट्रोलच्या किंवा विजेच्या कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

मग एक वही घ्या. तारीख, किलोमीटर, काय लक्षण दिसलं, काय मोजलं, काय बदललं, ते तिच्यात लिहा. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून एका पेटीत ठेवा. कधी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तर किल्लीबरोबर ती वही आणि ती पेटीही द्या.